जुनी, स्थिरावलेली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी हॉलमधून आतल्या खोलीत कशी न्यावी?

खारवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या ठाण्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, खाऱ्या पाण्याची एक टाकी गेली सहा वर्षे हॉलच्या बाहेरील भिंतीला लागून उभी आहे. गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली, प्लास्टर फुगले आणि आता कंत्राटदाराचे म्हणणे असे की आतील प्लास्टर खालपासून वरपर्यंत तोडून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय इलाज नाही. हे काम पावसाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात उरकायचे असल्यामुळे टाकी तिथून हलवणे भाग आहे. ती पुन्हा हॉलमध्ये आणायची नाही. आतल्या खोलीत, मधल्या भिंतीपाशी, तिला कायमची जागा द्यायची असे घरात ठरले आहे. जुन्या जागेपासून नवी जागा फार तर पंचवीस फुटांवर आहे, मात्र मध्ये पॅसेजचे एक वळण आणि एक दार आहे.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच असून काच १२ मिमीची आहे. खाली लोखंडी अँगलचा स्टँड, त्यात संप (पाणी गाळण्याची खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि रिटर्न पंप (पाणी पुन्हा वर चढवणारा). चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) शेजारी जमिनीवर. संपसह एकूण पाणी पावणेतीनशे लिटरच्या आसपास असावे. साधारण ३० किलो लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र समुद्री खडक) आहे आणि तळाला चार इंच वाळू आहे, जी सुरुवातीपासून कधीही उपसलेली नाही. प्रवाळ ठेवलेले नाहीत. दोन क्लाऊनफिश, एक कोरल ब्यूटी, एक सिक्स लाइन रॅस, एक वॉचमन गोबी व तिच्या बिळातील पिस्तूल कोळंबी, दोन क्लीनर कोळंब्या, काही गोगलगाई व हर्मिट खेकडे आणि एका खडकावर पाय रोवून बसलेले एक बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) एवढा परिवार आहे.

अंतर इतके थोडे असल्यामुळे मनात येते ते असे की पाणी निम्म्याहून अधिक काढून, मासे आणि खडक आतच ठेवून, चार-पाच जणांनी टाकी उचलून किंवा स्टँडखाली चाके लावून हळूहळू सरकवत नेता येईल काय? ते शक्य नसेल तर जुने पाणी किती जपावे, वाळूचे काय करावे आणि हे सारे एका दिवसात उरकते का, याविषयी ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भरतीओहोटी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. अंतर पंचवीस फूट असो वा पंचवीस किलोमीटर, काचेची टाकी उचलायची ती पूर्ण रिकामी करूनच. तळाशी वीतभर पाणी आणि चार इंच वाळू राहिली तरी ते वजन शंभर किलोंच्या वर जाते. शिवाय उचलताना एक कोपरा अर्धा इंच जरी वर-खाली झाला तरी ते पाणी त्या बाजूला धावते आणि सारा ताण तळाच्या काचेवर व सिलिकॉनच्या सांध्यांवर एकवटतो. सहा वर्षे एकाच स्थितीत दाब सोसलेला सांधा असा पीळ सहन करीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चाकांच्या बाबतीत तर फरशीच्या एका सांध्यावर बसणारा हिसकाही पुरेसा ठरतो, आणि सांधा तिथल्या तिथे न गळता आठवड्याभराने रात्री गळू लागला म्हणजे काय होते ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारावे. म्हणून हे स्थलांतर मनातल्या मनात ‘सरकवणे’ न समजता ‘टाकी मोडून पुन्हा लावणे’ असे समजावे. घरातल्या घरात असण्याचा जो फायदा आहे तो वेगळाच आहे: प्रवास नसल्यामुळे खडक आणि मासे पूर्ण वेळ हलत्या, हवा मिळणाऱ्या, योग्य तापमानाच्या पाण्यात ठेवता येतात आणि घाई करण्याचे काही कारण उरत नाही.

आता काय जपायचे आणि काय सोडायचे ते पाहू. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते खडकांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर आणि संपमधल्या गाळण-माध्यमावर थर धरून राहतात. त्यामुळे टाकीची खरी मिळकत म्हणजे आपले ते ३० किलो खडक. ते ओले राहिले आणि त्यांना प्राणवायू मिळत राहिला तर टाकी नव्या जागी पहिल्या दिवसापासून काम करू लागते. जुने पाणी जपण्याने जिवाणू फारसे वाचत नाहीत. ते जपायचे ते एवढ्यासाठी की मासे आणि कोळंब्यांना खारेपणा, पीएच आणि तापमान यांत एकदम फरक जाणवू नये. माझ्या मते वरचे स्वच्छ अर्धे पाणी ठेवावे आणि तळचे गढूळ अर्धे निर्धास्तपणे ओतून द्यावे.

वाळू मात्र मी अजिबात ठेवणार नाही. चार इंच खोल आणि सहा वर्षे न हललेल्या थरात खालच्या बाजूला प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. काचेतून बाजूने पाहिले तर वाळूत काळसर पट्टे दिसतील, आणि थर उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येईल. हा वायू अत्यल्प प्रमाणातही माशांचा श्वास पेशींच्या पातळीवर रोखतो. त्याच्या जोडीला थरात अडकलेला सहा वर्षांचा गाळ मोकळा होऊन अमोनिया चढतो. गोड्या पाण्याच्या टाकीत हे काही प्रमाणात खपून जाते, कारण तिथे पीएच ७ च्या आसपास असतो आणि अमोनियाचा बहुतांश भाग कमी घातक अशा अमोनियम स्वरूपात राहतो. समुद्री टाकीत पीएच ८.१ ते ८.३ असल्यामुळे तेवढ्याच एकूण अमोनियातील विषारी भाग कैक पटींनी अधिक असतो. घरातल्या घरात हलवलेल्या टाक्या दगावतात त्या बहुधा या वाळूमुळे.

प्रत्यक्ष काम असे करावे. आठवडाभर आधी नेहमीप्रमाणे पाणी बदलून संपमधला गाळ सायफनने ओढून घ्यावा. हलवण्याच्या आदल्या दिवसापासून माशांना खाणे देऊ नये, म्हणजे बादल्यांत घाण होत नाही. नवे खारे पाणी किमान एक दिवस आधी करून त्यात पंप फिरता ठेवावा. आपल्याला ते १७५ लिटर तरी लागेल, कारण वाळू काढली की तिने अडवलेली जागाही पाण्यानेच भरावी लागते आणि हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबाने साडेसहा किलो मीठ (समुद्री टाकीसाठी मिळणारे) होते. पाणी आरओ-डीआयचे (गाळून क्षार पूर्ण काढलेले), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेलेच घ्यावे. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळले जाते, ते इथे उपयोगाचे नाही. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजून जुन्या पाण्याशी तंतोतंत जुळवावा, आणि तो रिफ्रॅक्टोमीटर त्याच्या ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने आधी तपासून घ्यावा.

ठरलेल्या सकाळी सर्व प्लग काढून हीटर पाण्यातच पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावा, कारण गरम काच एकदम हवेत आली की तडकते. मग वरचे स्वच्छ पाणी झाकणाच्या ड्रमांत भरून घ्यावे. मासे आधी पकडण्याच्या भानगडीत पडू नये. खडक उभे असताना रॅस हाती लागणे अशक्य आहे आणि जाळे घेऊन तिच्या मागे लागले की इतर मासेही बिथरतात. आधी खडक काढावेत. प्रत्येक खडक बाहेर काढताना टाकीवर मिनिटभर तिरका धरून निथळू द्यावा, कारण कोरल ब्यूटी आणि रॅस घाबरून खडकाच्या भोकात शिरतात आणि खडकाबरोबर ड्रममध्ये जातात. निथळताना बहुधा टपकन खाली पडतात. ज्या खडकांवर स्पंज वाढले आहेत ते मात्र पाण्याबाहेर न काढता पाण्याखालीच बादलीत सरकवून न्यावेत, कारण स्पंजच्या छिद्रांत हवा अडकली की तो भाग मरून कुजू लागतो. ॲनिमोनचा पाय खडकावरून सोडवू नये. तो खडक ॲनिमोनसह स्वतंत्र बादलीत ठेवावा, कारण बिथरलेले ॲनिमोन आजूबाजूचे पाणी खराब करू शकते.

खडक निघाले आणि पाणी सहा इंचांवर आले की मासे सहज हाती येतात. क्लाऊनफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावरील काटे जाळ्यात अडकतात, म्हणून जाळ्याने हुसकून प्लास्टिकच्या डब्यात घ्यावे. गोबी आणि पिस्तूल कोळंबी अगदी शेवटी, वाळूचा वरचा थर हाताने हळूच बाजूला करीत काढावी. प्रत्येक बादलीत एअरस्टोन आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा असावा, वर झाकण असावे. रॅसला उडी मारायला बोटभर फटही पुरते.

हातमोजे मात्र न विसरता घालावेत. सहा वर्षांच्या खडकात ब्रिसल वर्म असणारच आणि त्यांची काचेच्या तंतूंसारखी लव बोटांत घुसली की दोन दिवस कळ जात नाही. हाताला जखम असेल तर मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूचा संसर्गही होतो आणि तो बरा व्हायला महिने लागतात.

काचपेटी

मासे आणि वाळू याबद्दल वर चांगले लिहिले गेले आहे. मी केवळ जागा, वजन आणि काच यांविषयी लिहितो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

आपल्या टाकीचा हिशेब मांडला तर पाणी सुमारे २८० किलो, वाळू ८० किलो, खडक ३०, काच ७० आणि स्टँड ५० असे मिळून पाचशे किलोंच्या आसपास जाते. हे वजन जेमतेम अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर उभे असते. राहत्या घराच्या खोल्यांसाठी इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या, आयएस ८७५ च्या, दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, असा भार धरलेला आहे. हा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही, कारण तो साऱ्या खोलीवर सारखा पसरलेला भार आहे आणि आरसीसी स्लॅब एका ठिकाणचे वजन आजूबाजूला वाटून घेतो. तरी टाकी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीमच्या वर किंवा कॉलमच्या जवळ ठेवावी. आपण ‘मधली भिंत’ म्हणता, तर त्या भिंतीखाली बीम आहे की ती नुसती चार इंची पार्टिशन आहे, हे इमारतीच्या नकाशावरून पाहून घ्यावे. जुनी भारवाही भिंतींची किंवा लाकडी तुळयांची इमारत असती तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी एवढी टाकी आत नेऊ दिली नसती.

त्यानंतर फरशी. नव्या जागेवरच्या प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करून पाहावे. ज्या टाइलखाली सिमेंट नीट भरलेले नाही ती पोकळ वाजते, आणि स्टँडचा अँगलचा पाय नेमका तिच्यावर आला तर ती तडकून स्टँड एका बाजूला खचतो. पायांखाली जाड ग्रॅनाइटच्या पट्ट्या घातल्या की वजन पसरते. पातळी पाणसळीने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर पाहावी. फरक आढळला तर पाचर स्टँडच्या पायाखाली घालावी, टाकीच्या काचेखाली कधीही घालू नये. टाकीखालचा जुना थर्माकोल सहा वर्षांत दबून त्यावर जुन्या स्टँडचे ठसे उमटलेले असतात. तो टाकून नवा घ्यावा.

पॅसेजचे वळण टेप घेऊन मोजण्याऐवजी टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून, दोघांनी दोन टोकांना धरून, तो हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत आडवा नेऊन पाहावा. त्यात टाकी धरणाऱ्यांच्या हातांची आणि कोपरांची जागाही धरावी लागते. वळण बसत नसेल तर दाराची चौकट काढण्याची तयारी ठेवावी, पण टाकी उभी करून नेऊ नये. उचलताना चौघांनी तळाखालून रुंद पट्ट्यांवर धरावी. वरच्या आडव्या काचपट्ट्या टाकीचे पोट फुगू नये यासाठी असतात, त्या मुठी नव्हेत. सक्शन कप वापरले तरी ते केवळ तोल सावरण्यासाठी.

एक सूचना खर्चाची आहे, पण विचार करावा अशी. टाकी नवी घेणे परवडत असेल तर त्याच मापाची नवी टाकी आतल्या खोलीत आधीच बसवून, पाणी भरून चोवीस तास गळती तपासता येते आणि मग खडक व मासे थेट इकडून तिकडे जातात. बादल्यांतला मुक्काम जवळजवळ संपतो. दहा वर्षांची टाकी असती तर मी हाच मार्ग सांगितला असता. सहा वर्षांची आहे, म्हणून सांधे भिंगाने पाहून ठरवावे: सिलिकॉनची कड काचेपासून सुटलेली दिसली किंवा सांध्यात दुधी बुडबुड्यांची रेघ दिसली तर तीच टाकी पुन्हा भरू नये.

गाळ_आणि_वाळू

वाळू सरसकट टाकून देण्याशी मी पूर्ण सहमत नाही. वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी असलेल्या टाकीचा तळ उघडा ठेवणे म्हणजे त्यांचे घर काढून घेणे होय, आणि आरागोनाइटची (समुद्री टाकीत वापरतात ती चुनखडीची) चांगली वाळू आपल्याकडे स्वस्तही मिळत नाही. वाळूतील जिवाणू वाचवण्याचा मोह मात्र सोडावा. ती घमेल्यात थोडी थोडी घेऊन, नळाच्या पाण्याने, हाताने घुसळत, वरचे पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत धुवावी. पहिली काही पाणी चहासारखी निघतील. त्यात वाळूतले जिवाणू मरतात, पण ३० किलो खडक एवढ्या थोड्या माशांना पुरेसे आहेत. शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने केले की नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि इतर क्षार निघून जातात.

मात्र परत घालताना चार इंच न घालता दीड इंचच घालावी, म्हणजे गोबीला बीळ करता येईल आणि आपल्याला ती अधूनमधून सायफनने स्वच्छही करता येईल. खडक आधी थेट काचेवर किंवा प्लास्टिकच्या जाळीवर बसवावेत आणि वाळू त्यांच्या भोवती नंतर घालावी. वाळूवर रचलेला खडक पिस्तूल कोळंबी खालून पोखरते आणि एक दिवस तो काचेवर कोसळतो.

खारवा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बॅटरी लावून बाजूच्या काचेतून पाहिले. वाळूत खालच्या दोन इंचांत, विशेषतः मागच्या कोपऱ्यात, काळे पट्टे आहेत, त्यामुळे वाळूविषयीचा वाद माझ्यापुरता मिटला: सारी बाहेर काढून धुवायची आणि दीड इंचच परत घालायची. पुठ्ठ्याची युक्तीही करून पाहिली. वळण बसते, मात्र दाराची कडी आड येते, ती काढावी लागेल. मधल्या भिंतीखाली बीम असल्याचे नकाशात दिसते.

आता चिंता दोन गोष्टींची आहे. काम मे महिन्यातले आहे आणि चिलर काही तास बंद राहणार. दुसरे म्हणजे टाकी आत गेल्यावर हॉलमध्ये प्लास्टर तोडणे, सिमेंट, पुट्टी आणि रंग हे सारे दोन-तीन आठवडे चालेल. आतल्या खोलीचे दार बंद ठेवणे एवढेच पुरेसे आहे का?

शेवाळे

मे महिन्यात ठाण्यात दुपारी बादलीतले पाणी सहज ३२ अंशांवर जाते आणि अडचण नुसत्या उष्णतेची नसते. समुद्री पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ३२ अंशांना तो सहाच्या जवळ येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची गरज मात्र वाढलेली असते. आतल्या खोलीत एसी असेल तर पहाटेच तो २५ वर लावून सर्व ड्रम आणि बादल्या तिथेच न्याव्यात. एरवी टाकीच्या खोलीत एसीचा झोत नको असे सांगितले जाते, पण त्या दिवशी तोच चिलरचे काम करील. आदल्या रात्री पाण्याच्या काही बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि तापमान चढू लागले तर बूच घट्ट लावून एकेक बाटली बादलीत तरंगत ठेवावी. सुटा बर्फ टाकू नये, खारेपणा उतरतो आणि कोळंब्यांना तो फरक मुळीच सोसत नाही.

चिलर नेताना उभाच न्यावा. आडवा करावा लागलाच तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच सुरू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. नव्या जागी त्याच्या मागे-पुढे मोकळी हवा हवी. हॉलमध्ये तो खपून जात होता, पण बंद खोलीत त्याने पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच राहते आणि तो दिवसभर चालू राहतो. त्याचा आवाजही रात्री उशाशी असणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

सिमेंट आणि रंगाविषयी: दार बंद ठेवणे पुरेसे नाही, कारण टाकीत हवा ओढणारे एक यंत्र आहे आणि ते म्हणजे स्किमर. तो खोलीतली हवा अखंड पाण्यात घुसळतो, त्यामुळे रंगाचा वास आणि सिमेंटची धूळ या दोन्ही गोष्टी थेट पाण्यात जातात. स्किमरच्या हवेच्या नळीला लांब सिलिकॉनची नळी जोडून तिचे टोक हॉलच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीबाहेर सोडावे. पाण्यात उतरलेली रसायने शोषण्यासाठी संपमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवून ती दर आठवड्याला बदलावी. ओल्या सिमेंटमध्ये चुना असतो, त्यामुळे धूळ पाण्यावर बसत राहिली तर पीएच वर सरकतो; तोडफोडीच्या दिवसांत टाकीवर आणि संपवर ओलसर चादर अंतर ठेवून टांगावी आणि पीएच रोज पाहावा. दाराखालच्या फटीत ओले फडके ठेवणे हाही साधा पण उपयोगी उपाय आहे.

भरतीओहोटी

टाकी पुन्हा सुरू करण्याबद्दल मी मघाशी लिहिले नव्हते, ते पूर्ण करतो.

आधी खडक, मग धुतलेली वाळू, मग जपलेले जुने पाणी आणि शेवटी नवे पाणी असा क्रम ठेवावा. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडावी. पंप, स्किमर आणि चिलर सुरू करून तापमान जुळले आणि गढूळपणा समोरचे दिसण्याइतका कमी झाला की मासे परत सोडता येतात. त्याआधी अमोनियाची चाचणी घ्यावी आणि ती शून्य आली तरच सोडावे. बादल्यांतील पाणी मात्र टाकीत ओतू नये, त्यात माशांची घाण साठलेली असते. सकाळी सातला सुरुवात केली तर चार-पाच माणसांच्या मदतीने संध्याकाळपर्यंत हे होते. वाळू धुण्याचे काम वेगळ्या माणसाकडे सोपवावे, सर्वाधिक वेळ तेच खाते.

पहिला आठवडा अमोनिया रोज तपासावा. थोडा चढला तर सीकेम प्राइमसारखे अमोनिया बांधून ठेवणारे द्रव्य तात्पुरते चालते, पण खरा उपाय म्हणजे पाणी बदलणे, आणि त्यासाठी पन्नास लिटर खारे पाणी तयार ठेवावे. खाणे दोन दिवस नाममात्र द्यावे, दिवे निम्म्या वेळेपुरते लावावेत. स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा फेस काढील आणि त्याचा कप भरून वाहील, म्हणून तो नेहमीपेक्षा खाली लावावा. बिघाड समजून बंद करू नये.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे माशांच्या अंगाकडे लक्ष असू द्यावे. दगदगीनंतर व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) डोके वर काढतो आणि खाऱ्या पाण्यातला हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, कोरल ब्यूटीला लवकर गाठतो. तांब्याचे औषध या टाकीत कदापि घालू नये: कोळंब्या, गोगलगाई आणि ॲनिमोन त्याने मरतात, शिवाय तांबे खडकांत मुरते. उपचार करायची वेळ आली तर सर्व मासे वेगळ्या टाकीत नेऊनच करावेत. ॲनिमोन एक-दोन दिवस आकसून बसेल किंवा जागा सोडून फिरू लागेल. तोपर्यंत वेव्हमेकरच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडावर स्पंजची जाळी हवीच.

खारवा

समजले. एक शेवटची शंका: संप आणि पाइप जसेच्या तसे जोडणार आहे, तरी नव्या जागी काही वेगळे तपासावे लागेल का? आतल्या खोलीत इन्व्हर्टरचा एक प्लग पॉइंट आहे.

काचपेटी

पाइप तेच असले तरी ते नव्याने जोडताना रिटर्नच्या नळीचे तोंड पूर्वीपेक्षा बोटभर खाली गेले, तर वीज जाताच सायफन लागून टाकीतले कितीतरी अधिक पाणी संपमध्ये उतरते. म्हणून हॉलमध्ये टाकी मोडण्यापूर्वी पंप बंद करून संपमध्ये पाणी कुठवर चढते तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. आतल्या खोलीत सर्व भरून झाल्यावर, मासे सोडण्याच्या आधी, पुन्हा पंप बंद करून पाणी त्या खुणेच्या वर जात नाही ना ते पाहावे. रिटर्नच्या नळीला सायफन तोडण्यासाठी पाडलेले बारीक भोक मिठाने बुजलेले असते, ते टाचणीने मोकळे करावे.

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर एवढेच घ्यावे, चिलर घेऊ नये. सुरू होताना तो ओढतो तो झटका घरगुती इन्व्हर्टरला बहुधा पेलत नाही. चिलरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट द्यावा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या पातळीखाली झोल घेऊन मग वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोलाच्या तळाशी टपकते. त्या पॉइंटवर ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल, तर टाकी आत नेण्याच्या आधीच इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्यावा.